जगदाळ्यांचा जर्मन

पुरुषोत्तमराव जगदाळे आयुष्यात कधी मागे हटले नव्हते. इंग्लंडात वॉटफर्डला पार्किंगवरून त्यांच्याशी भांडलेला शेजारी गाडीच काय, घर विकून ल्यूटनला गेला, असं सांगतात. खरं-खोटं ल्यूटनला ठाऊक.

तर २००४ साली मराठी मंडळानं चर्चच्या हॉलमध्ये एक नाटुकलं बसवलं. साठ वर्षांपूर्वी, दुसऱ्या महायुद्धात, इटलीत जर्मनांनी माघार घेतली आणि मराठा पलटण फ्लॉरेन्स शहरात शिरली, तो प्रसंग. पुरुषोत्तमरावांचे वडील, आबा, त्याच पलटणीत शिपाई. म्हणजे सुभेदाराचं काम आपलंच, असं धरून त्यांनी आठवडाभर मिशांना तूप चोळलं. आणि मंडळाचा अध्यक्ष हरीश म्हणतो, "काका, तुम्ही जर्मन जनरल."

"मी? का म्हणून?"

"घोट्यापर्यंतचा ओव्हरकोट फक्त तुमच्याकडे आहे ना!"

"बरं. पण जगदाळ्यांचा जर्मन मागे हटणार नाही. नात बघायला येणार आहे माझी."

हरीशला वाटलं, काका चेष्टा करतायत.

प्रयोगाच्या दिवशी टेबलं जोडून नदीवरचा पूल केला होता. सुभेदार संजय, एरवी रीडिंग गावात सॉफ्टवेअर लिहिणारा, आपली पलटण घेऊन "हर हर महादेव!" करत धावला. जनरलसाहेबांनी छत्री आडवी धरली आणि सगळी पलटण परतवली.

"काका, हटा ना! स्क्रिप्टमध्ये आहे!" संजय दातओठ खात पुटपुटला.

"दम असेल तर हटव."

पुन्हा हल्ला, पुन्हा तेच. बाकीचे जर्मन केव्हाच पळून किचनमध्ये समोसे खात बसले होते. संजयच्या बरगडीत चमक भरून तो खाली बसला, एकानं इन्हेलर काढला. पाहुणे म्हणून आलेले मेयर कार्यक्रमपत्रिका उलटसुलट करून बघू लागले.

एवढ्यात पहिल्या रांगेतून नात स्वराली तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत ओरडली, "आजोबा, माझा पणजोबा कुठला बाजूला होता?"

"समोरच्या!" पुरुषोत्तमराव गुर्मीत गरजले, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. म्हणजे पलीकडे आबा धापा टाकतायत, आणि त्यांचाच पोरगा छत्री घेऊन वाट अडवतोय!

"संज्या, ऊठ!" जनरलसाहेब शत्रूवर खेकसले. "असा समोरून काय येतोस बैलासारखा? उजवीकडून ये! तिकडे माझं लक्ष नाहीये!"

संजय उजवीकडून आला. जनरल हटले. आणि जगदाळे एकदा हटले की अर्धवट हटत नाहीत. स्टेज, किचन, कार पार्क, हाय स्ट्रीट… ओव्हरकोट फडफडत पुढे, आणि थांबायचं कुठे हे कुणीच न सांगितल्यामुळे पलटण मागे. स्टेशनात शिरता शिरता त्यांनी वळून पाहिलं.

"चला रे लवकर, ट्रेन सुटेल!"

तिकीट बॅरियरपाशी संजयनं बसकण मारली, म्हणून थांबलं सगळं. नाहीतर त्या दुपारी मराठ्यांनी पुढचं सेंट ऑल्बन्स शहरही घेतलं असतं.