मंदाची मशीन सासरी निघाली

मंदाचा दहावा झाला आणि तिच्या दुकानातली शिलाई मशीन आपल्या पायांनी तिच्या सासरच्या वाटेला लागली. मागं कात्री, त्यामागं फरपटत टेप. बार्शीच्या बाजारानं बिनबोभाट वाट करून दिली.

मंदाच्या आईनं, हौसाबाईनं, पदर खोचला. मशीन दोरीनं आपल्या कमरेला बांधली आणि तशीच ओढत वकिलाच्या माडीवर चढली.

"पोरीला नवऱ्यानं टाकली. ह्या मशीनवर तिनं मला जगवली. त्यो बबन्या मयतीलासुदिक आला न्हाई. मग ही तिकडं का निघाली?"

"मृत्युपत्र केलं होतं?"

"भरल्या वयात कोण मरणाचे कागद करतं?"

"मूलबाळ?"

"न्हाई."

"काडीमोड?"

हौसाबाईची मान ताठ झाली. "आमच्या घराण्यातल्या पोरी काडीमोड घेत न्हाईत. ती मागत हुती. म्या घिऊ दिली न्हाई."

"मग वारस नवराच. तो नसता तर त्याच्याकडचे. त्यांच्यातलं कुणीच नसेल, तर आई."

"म्हंजे त्यांचा गावच्या गाव मेल्यावर!"

तोवर दोरी सुटली होती. मशीन जिना उतरून गेली.

घरी मंदाच्या कमाईचा पंखा, कुकर, गादी रांगेनं उंबरा ओलांडत होते. "जावा, भरा फुकट्याचं घर!" हौसाबाई कडाडली. वाक्य पुरं व्हायच्या आत तिची कवळी तोंडातून उतरली आणि रांगेत शेवटी लागली. ती मंदानंच बसवून दिली होती.

मग हौसाबाईला मंदानंच करून दिलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवलं. तिनं उजव्या डोळ्यावर तळहात दाबला. गोठ्याचा वास लागलेल्या बैलागत डोळा हाताखाली वळवळला, बोटांच्या फटीतून निसटला.

ती उंबऱ्यावर बसली. उरलेल्या डोळ्याला अंगण धुरकट दिसत होतं. गेलेल्याला मात्र लख्ख दिसत होती बबनची पडवी. मंदाची सासू नवी कवळी बसवून ऐटीत बसलेली. समोर मशीन, आणि मशीनवर मान खाली घालून मंदा.

"मंदे, ऊठ!" हौसाबाई बोळक्या तोंडानं जीव खाऊन ओरडली. "काडीमोड घे! म्या सांगते, घे!"

तिकडं सासूच्या तोंडातली हौसाबाईची कवळी हलली.

मंदानं मान वर केली. "काय म्हणालात, सासूबाई?" असं म्हणून ती सुईत दोरा ओवू लागली.