मी क्लोव्हर नाही

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नगरपालिकेची फवारणीची गाडी बिलाबाँगच्या, म्हणजे नदीपासून तुटून उरलेल्या डबक्याच्या, काठावर थांबली. ब्रेंट खाली उतरला. त्याने पाइप सोडला आणि हातातला हुकूम वाचला : ‘सॅल्व्हिनिया आणि तिच्या नात्यातले सर्व पाणनेचे नष्ट करावेत.’

मित्रांनो, त्या पाण्यात मी होतो. मी एक जुना नार्डू आहे, म्हणजे पाण्यातला नेचा. मुळे चिखलात, पाने पाण्यावर, प्रत्येक पानाची चार दले. क्लोव्हरच्या गवताशी माझा तोंडावळा जुळतो, एवढेच. क्लोव्हरला फुले येतात. मला आजवर एकही आले नाही आणि त्याचे मला दुःख नाही.

पाणी आटले की मी वरून वाळतो. मागे राहतात वाटाण्याएवढ्या कठीण डब्या. त्यांत बिया नसतात, बीजाणू असतात. कोरड्या चिखलात त्या वर्षानुवर्षे पडून राहतात आणि पूर आला की जाग्या होतात. इथली मूळ रहिवासी आंटी व्हर्ना, तिच्या पूर्वजांनी याच डब्या भाजल्या, दगडावर दळल्या, पीठ पाण्यात कालवून दुष्काळ काढले. ही रीत सोडून घाई करणारे परके पोटभर खाऊनही खंगले, कारण नीट न केलेल्या पिठात जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य उरते. पुढे दुकानात मैद्याची पोती आली आणि दळायचे दगड दाराला अडण म्हणून लागले.

आंटी व्हर्ना काठावर गळ टाकून बसली होती.

“आंटी, हे क्लोव्हरच ना?” ब्रेंटने विचारले. “असलं तर सोडतो. कागदात फक्त नेचे आहेत.”

एक ‘हो’ पुरेसा होता.

“क्लोव्हर तुझ्या मेंढ्यांना घाल,” ती म्हणाली. “हा नार्डू आहे.” तिने माझे कोवळे पान खुडून त्याच्या नाकासमोर धरले. ते मुठीसारखे गुंडाळलेले होते. “असं पान कुणाचं असतं?”

“नेच्याचं.” ब्रेंटने टोपी मागे सरकवली. “काय हे आंटी! तुम्ही गप्प बसला असतात तर वाचला असता ना तो.”

“दुसऱ्याच्या नावावर वाचून काय करायचंय? तुझ्या मावसभावानं पबची काच फोडली, तेव्हा तुला कुणी धरलं का?”

“धरलं होतं.”

“मग तुला तर कळायला हवं! माझ्या भावानं एक मेंढी मारली, तर पोलिसांनी आम्हा सातही भावंडांना ओळीत उभं केलं होतं.”

“हुकूम मी लिहीत नाही, आंटी.”

“वाचता येतो ना? मग ज्यानं लिहिलाय त्याला वाचून दाखव.”

सॅल्व्हिनिया माझी चुलत बहीण आहे, हे मी नाकारणार नाही. बराच काळ काही शास्त्रज्ञ आम्हाला वेगळ्या घराण्यांत टाकत. पेशींतला वारसा तपासला तेव्हा घराणे एकच निघाले. बहुतेक नेच्यांचे बीजाणू एकाच प्रकारचे असतात. आमच्यात मोठे आणि लहान असे दोन असतात. ती आमच्या पूर्वजाची खूण. पुढे सॅल्व्हिनिया आणि तिची सख्खी बहीण अझोला तरंगत्या झाल्या, आम्ही चिखल धरला. सॅल्व्हिनियाने तर मुळेही सोडली. तिच्या खाली लोंबतात तीही पानेच. ती परदेशातून आली, पाणी झाकते, माझा उजेड खाते. तिला काढा. पण नात्यावरून मला मारायचे, तर मी मान खाली घालणार नाही आणि क्लोव्हर म्हणून जगणारही नाही. मित्रांनो, कुणालाही उपटण्याआधी त्याला त्याच्या नावाने ओळखा.

ब्रेंटने कार्यालयाला फोन लावला. पंधरा मिनिटे तो नुसता “हो साहेब” म्हणत होता. मग “साहेब हुकूम पुन्हा बघतायत,” म्हणत त्याने पाइप गुंडाळला.

शुक्रवारी दुपारी सुधारणेसाठी काढलेली हुकुमाची प्रत आली. आंटी व्हर्नाने ती दोनदा वाचली. ‘नात्यातले’ या शब्दाभोवती कुणीतरी पेन्सिलीने गोल केला आहे. शब्द अजून खोडलेला नाही.