सिल्व्हानरचं म्हातारपण

तुम्ही वाइन तपासणारे खुर्चीत बसून वाइन नापास करता आणि वर कारण देता, "वय झालं आहे, सिल्व्हानरसारखी लागत नाही." अहो, वय झालंय म्हणूनच तर पाठवली होती. सिल्व्हानर द्राक्षाची वाइन म्हणजे वसंतात शतावरीच्या कोंबांबरोबर ढोसायची आणि विसरायची, हे तुम्हाला कुणी शिकवलं? रीसलिंग द्राक्षाची म्हातारी झाली की तुम्ही तिच्यापुढे वाकता. आमची झाली की नाक धरता.

माझा भाऊ ओटमारदादा. माइन नदीवरच्या चढावर त्यानं सिल्व्हानरचे जुने वेल सांभाळले, गुडघे गेले तेव्हा उपटले. शेवटच्या हंगामाची वाइन तेवढी तळघरात ठेवली, वीस वर्षं. तुमच्या तपासणीत पास झाल्याचा नंबर नसेल तर बाटलीवर चढाचं नाव छापता येत नाही. चढावर आता काटेरी झुडपं आहेत. नाव राहिलं तर ते बाटलीवरच राहणार, आणि दादाला तेवढंच हवं होतं.

त्यानं अपील केलं. तुमच्याच नियमानं एक सीलबंद बाटली तुमच्याकडे राखलेली असते, तीच पुन्हा चाखायची. दादानं लग्नातला कोट चढवला.

"पोट आत घ्या," वाल्बुर्गावहिनी म्हणाली.

"श्वास रोखला तर वाइनचा वास कसा घेऊ?"

"वास ते घेतील. तुम्ही गप्प बसा."

मीही सोबत तुमच्या कचेरीत गेले. तुमचे साहेब म्हणाले, "बाटली फुटली. नमुना नाही, म्हणून अपील निकाली."

दादा टोपी चाचपत उठलासुद्धा. वहिनी मात्र खिडकीकडे बघत होती. तिथं आमची चपटी, ढेरपोटी बाटली उभी होती आणि तिच्यात लायलॅकच्या फुलांची डहाळी.

"फुटलेल्या बाटलीत पाणी बरं टिकतं हो," वहिनी म्हणाली.

"ती वेगळी आहे."

"बाटलीवरच्या चिठ्ठीवर अक्षर ह्यांचं आहे. असले कोंबडीचे पाय दुसरं कुणी काढत नाही."

साहेबांचे कान तांबडे झाले. "वाइन खराब होती. रिकामी करावी लागली."

"कुठे?"

मागच्या टेबलावरची कारकून बाई मान वर न करता म्हणाली, "चीजबरोबर."

तेव्हापासून दादा तळघरात पाय ठेवत नाही. त्याला वाटतंय, वाइन खरंच वाईट असेल, तुम्ही शिकलेली माणसं. म्हणून मी विचारते. पिण्यालायक नव्हती, तर एक थेंबही का उरला नाही? आणि उरला नाही, तर त्या चढाचं नाव छापायला कधी देताय? लेखी सांगा, खाली सही करून.