चादरीचं दुसरं टोक

चिमी पन्नाशीला आली, अंगाने चांगली रुंद झाली, तरी आत्यासाठी ती चिमीच राहिली. बाहेर तिला सगळे ताई म्हणत आणि वर्गातल्या मुली तिच्या नुसत्या नजरेने सरळ होत. ती शिकवायची तो स्वसंरक्षणाचा प्रकार आत्यानेच जन्माला घातलेला. नाव 'घडी'. नाव ऐकून लोक आधी हसत. मग एखादी काडीपहिलवान मुलगी आडदांड गड्याला अलगद जमिनीवर निजवी आणि हसणाऱ्यांची दातखीळ बसे.

घडीची सुरुवात ठरलेली होती. दोन्ही हात पसरून मुठी आवळायच्या, हवेलाच एक झटका द्यायचा, पुढे जायचं आणि मुठी समोरच्यापुढे उघडायच्या. याला सगळे सलामी म्हणत. आणि नेमकी तीच महासंघाकडून वर्ग पाहायला आलेल्या परीक्षकांना खटकली. माणूस भला होता, मुलींचं तोंड भरून कौतुक करून गेला. पण जाताना म्हणाला, "ताई, ही सलामी काढा. दोन्ही हात गुंतलेले आणि चेहरा उघडा. हल्लेखोर काय टाळ्या वाजवत थांबणार आहे? ती काढलीत तर महासंघाची मान्यता नक्की. उद्या येतो."

मान्यता मिळाली तर घडी इतर गावांतही शिकवली जाणार होती. नाहीतर एक हॉल आणि चिमीचे दोन गुडघे. गुडघे गेले की घडीही गेली. चिमीला त्याचं म्हणणं पटलंही होतं. प्रश्न आत्याला सांगायचं कसं, हा होता. बाकी कशावरही आत्याशी भांडता यायचं, सलामीवर नाही. ती कशासाठी, असं चिमीने एकदाच विचारलं होतं. "तुझ्या आईला विचार," एवढंच उत्तर मिळालं, आणि आई तर तेव्हा या जगात नव्हती.

हॉल म्हणजे पूर्वीची लाँड्री. चिमी जिना चढून आत्याच्या खोलीकडे निघाली, तेव्हा भिंतींना अजून साबणाचा वास येत होता. या जिन्यावर तिला नेहमी बालपण गाठायचं. हॉस्पिटलच्या चादरींचे ढीग, त्यावर बसलेली ती, सगळीकडे वाफ, आणि वाफेत आई नि आत्या चादरींच्या घड्या करताहेत. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं नातं असतं म्हणतात, पण या दोघींचं असं गूळपीठ की एकीने चादर उचलली की दुसरीचे हात आपोआप पुढे यायचे. चिमीला ते दिवस फार हवेसे वाटायचे. आईचा चेहरा आता धूसर झाला होता, हात मात्र लख्ख आठवत.

आत्या पलंगाशी उभी राहून एकटीच चादरीशी झटत होती. चिमीने एका दमात सगळं सांगून टाकलं. आत्याने ऐकून घेतलं. चिडली नाही, हेच जास्त भीतीदायक होतं.

"बरं," ती म्हणाली. "जरा धर गं हे."

चिमीने पुढे आलेली दोन टोकं धरली. पलीकडून एक हिसका बसला, मध्ये कुठूनसा आत्याचा पाय आला आणि ताईसाहेब पलंगावर उताण्या.

"आत्या!"

"हातात काही दिलं की माणूस घेतोच. विचार करत बसत नाही. आमच्या मुकादमाच्या हाताला वळण नव्हतं. बायका ओझ्याने वाकल्या की लगेच मागे हजर. मग आम्ही चादर झटकायचो आणि मी माझ्याकडची टोकं त्याच्यापुढे करून म्हणायची, जरा धरा हो. चादर खाली पडली तर परत धुवावी लागे आणि वरून बोलणी त्यालाच, म्हणून सोडायचाही नाही. वहिनी तिकडून ओढायची, मी इकडून पाय घालायची. माणूस पडला तरी चालेल, चादर पडता कामा नये, हा तिचा नियम."

चिमी हसता हसता उठून बसली. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

आत्या चादरीची कड सारखी करू लागली.

"तुला शिकवायला लागले तेव्हा ती गेली होती. दुसरं टोक धरणार कोण? म्हणून हवेतच करून घेतलं. म्हटलं, उपयोग नसला तरी तिची जागा तरी राहू दे." तिने नाक ओढलं. "आता काढायची तर काढ. मी अडवणार नाही."

हजारो वेळा चिमीने हवेला झटका दिला होता. मुलींना द्यायला लावला होता. पलीकडे आई उभी आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"काढत नाही," ती म्हणाली. "उद्या मुलींना दोघी-दोघी समोरासमोर उभं करते, हातात चादर देऊन."

"आणि परीक्षकाला नाही पटलं तर?"

"तर आपण दोघी त्यांच्याकडे जाऊ. म्हणू, जरा धरा हो."

आत्या खुदकन हसली. "स्वच्छ चादर ने म्हणजे झालं."

चिमीने पलंगावरची चादर उचलली.

"तिथे नको," आत्या म्हणाली. "वहिनी खिडकीकडे असायची."

चिमी खिडकीकडे गेली. दोघींनी टोकं धरली, चादर ताणली. चिमीने झटका दिला आणि कापड फट्कन वाजलं.

"अगदी अस्साच द्यायची," आत्या म्हणाली. डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते आणि चादर तर सोडायची नव्हती.