गालातल्या चकत्या

...चकती जिभेखाली होती. कधी गेली तिथे? पडद्याची खालची दुमड दोन्ही हातांनी धरली, आणि मग — छे, सवयीच्या नावाने बोटं मोडून काय उपयोग, तोंड आपलंच! तिने ती तळहातावर थुंकली. सदऱ्याच्या बटणाएवढी, करडी, ओली. कालच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि आज पहिल्याच पडद्याला हा प्रकार.

एकतीस वर्षं ती पडदे शिवत आली होती. पडदा सरळ पडावा, वाऱ्याने उडू नये म्हणून दुमडीत शिशाच्या चकत्या घालायच्या. हात कापडात गुंतलेले, म्हणून चार-पाच गालात धरायच्या आणि जिभेने एकेक पुढे सरकवायची. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं होतं — रक्तात शिसं थोडंच आहे, पण थोडं म्हणजे काहीच नाही असं नव्हे. ते हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं रक्तात उतरत राहतं, रक्तदाब चढवतं, मूत्रपिंडांना दमवतं. तुमचा रक्तदाब त्यानेच चढला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण आता तोंडात मुळीच नको. तिला स्वतःचं फारसं काही वाटलं नाही. एकटीच्या जिवाचं काय एवढं... वाटलं ते भलत्याच गोष्टीचं.

गोबरीचं, आपल्या लेकीचं. पोरगी पाच वर्षांची असताना शाळा सुटली की मशीनशेजारी येऊन बसायची, आणि किरकिर करायला लागली की ही तिच्या गालात चकत्या द्यायची, बघू किती मावतात म्हणून. सहा मावल्या तेव्हा केवढं कौतुक! शेजारणीला हाक मारून दाखवलं. पोर गप्प बसायची, काम उरकायचं. मीच गं, माझ्या या हातांनी... ते फुगलेले गाल आठवून तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचा तिला भयंकर राग आला.

काल दवाखान्यातून उठता उठता तिने विचारलं होतं, लहानपणी कुणाच्या तोंडात गेलं असलं तर? कुणाच्या, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर बेधडक खोटं बोलली, शेजारणीच्या मुलीच्या. पाचवा महिना आहे तिला. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. गरोदरपणात हाडांतलं शिसं रक्तात येतं, बाळापर्यंत पोचू शकतं, म्हणाल्या. घाबरायचं कारण नाही, साधी रक्ताची तपासणी असते, पण त्या मुलीला लवकर सांगा.

एकच्या सुमारास गोबरीचा फोन आला. दूरच्या शहरातून आठवड्याला एकदा, दहा मिनिटं. बाकी सगळा वेळ या खोलीत आवाज असतो तो मशीनचा. ठरवलेलं वाक्य तिने ओठांवर आणलं, तेवढ्यात पोरगीच म्हणाली की रक्तदाब वाढलाय, गोळी सुरू केलीय.

"डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला आहे का. मी म्हटलं, आईला आहे. तुझ्याकडूनच आलंय गं हे."

"हो," ती म्हणाली. "माझ्याकडूनच."

गोबरी हसली. एवढं काय मनाला लावून घेतेस, म्हणाली, आणि मग बाळंतपणाला तूच ये, मला दुसरं कुणी नको, असं दोनदा सांगून तिने फोन ठेवला.

सुटले बाई! खरंच असं वाटलं तिला, अंग हलकं झालं. घराण्यातच आहे म्हणून खपून गेलं, आता कोण कशाला विचारतंय... पण विचारणार नाही म्हणजे तपासणारही नाही. 'आईला आहे' ऐकून डॉक्टर गप्प, आपल्या त्या एका 'हो'ने पोरगीही गप्प, आणि बाळ बिचारं आत. दुमड तशीच टाकून ती उठली आणि तिने नंबर लावला.

घंटी वाजू लागली. ज्या आवाजासाठी ती आठवडाभर जीव टाकायची, तो आत्ता येऊ नये असं तिला वाटलं. सांगितल्यावर गोबरी भांडेल का? भांडली तर बरंच — गप्प राहिली तर... बाळंतपणाला दुसरं कुणी जाईल, फोन महिन्याने येईल, मग येणारच नाही. न येवो, पण तपासणी होवो! हे मनात कुठून आलं, तिचं तिलाच कळेना; जन्मभर ज्या एकटेपणाला भ्यायली, त्याला आपल्याच तोंडाने ये म्हणत होती. तिने मशीनचा आधार घेतला, फोन कानाशी घट्ट धरला.

"उचल गं," ती म्हणाली.