गाडीचं माहेर

गाडीच्या कंपनीचा मेसेज आला तेव्हा चष्मेवाली एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होती. गिऱ्हाइकाला तसंच ताटकळत ठेवून तिनं तो वाचला. तिच्या मॉडेलच्या गाड्यांत ब्रेकजवळचा एक भाग बिघडून आग लागू शकते, गाडी बंद असली तरीही. भाग फुकट बदलून मिळेल. तोवर गाडी घरापासून लांब उभी करावी. सगळ्या गाड्या परत बोलावण्यात येत आहेत.

दुकानाच्या मागच्या खोलीत तिचे बाबा चाकाच्या खुर्चीत बसले होते. त्यांना तिनं मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. पक्षाघातानं बाबांच्या उजव्या पायातलं बळ नेलं होतं आणि जिभेवरचा 'र' नेला होता. थट्टेला मात्र हात लावला नव्हता.

"पलत बोलावलंय?" ते म्हणाले. "म्हणजे गाडीला माहेलचं बोलावणं आलं की गं, पोली!"

ती हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. त्या गाडीवर बाबांचं चालणं अवलंबून होतं. मागचा रॅम्प उतरवायचा, खुर्ची आत ढकलायची, चाकं हुकांनी तळाला बांधायची आणि व्यायामाच्या केंद्रात न्यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. आत्ता कुठे बाबा दोन दांड्यांना धरून उभे राहायला लागले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, "खंड पाडू नका, कमावलेलं सगळं जाईल." आणि आता हे! एक हुक सोडवायला तिची किती झटापट होते ते तिचं तिलाच ठाऊक. त्या गाडीत बापाला बांधून नेण्याची तिची छाती होईना.

तिनं सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरला फोन लावला. त्याच्या बोलण्यात साखर अशी की ऐकणाऱ्याचे दात किडावेत.

"पार्ट अजून आलेला नाही, मॅडम. आला की कळवतो."

"आणि तोवर? वडिलांना खुर्चीसकट बांधून न्यावं लागतं हो."

"बिनधास्त न्या! कंपनीला असं लिहावंच लागतं. काही होत नाही."

"मग तुमची एखादी गाडी द्या तेवढ्यापुरती."

"तशी पॉलिसी नाही, मॅडम."

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन केला. तीच साखर आणि तीच पॉलिसी. व्यायाम बंद पडला, पाय आखडत चालला. बाबांची थट्टाही आटली. एका संध्याकाळी तिनं पायाला तेल चोळायला घेतलं तर ते म्हणाले, "लाहू दे आता. झालं तेवढं पुष्कळ झालं."

बाबा कधी कशाला 'पुष्कळ झालं' म्हणणारे नव्हते. ती रागारागानं उठली आणि घरामागच्या मोकळ्या मैदानात गेली. मेसेज आल्या दिवशी तिनं गाडी तिथं नेऊन लावली होती.

तिथं पोचली आणि बघतच राहिली. तिची गाडी आता एकटी नव्हती. मैदानातल्या एकुलत्या एका झाडाच्या सावलीत त्याच मॉडेलच्या सहा गाड्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. आजूबाजूच्या सगळ्यांनी तोच मेसेज वाचून तीच जागा शोधली होती. कोपऱ्यावरचा पाववाला आपल्या गाडीवर कौतुकानं कापड घालत होता. मोटार शिकवणाऱ्या मास्तरीणबाई आपली गाडी आणखी आत सरकवत होत्या. बाकीचे मालक बाजूला गप्पा मारत उभे होते.

"अहो, काय हे!" चष्मेवाली ओरडली. "एक पेटली तर सगळ्यांची राख होईल!"

पाववाला गोंधळला. "घरापासून लांब लावा म्हणाले, ताई. एकमेकींपासून लांब लावा असं कुठं म्हणाले?"

आधी मास्तरीणबाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांना. पण हसता हसता कळलं की मॅनेजरनं सगळ्यांनाच 'बिनधास्त'चा प्रसाद दिला होता. चष्मेवालीला बाबांचं बोलणं आठवलं.

"माहेरचं बोलावणं आलंय ना? मग वाट कसली बघायची? लेकी पोचवून येऊ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही गाड्या निघाल्या. मास्तरीणबाईंनी शिकवणीच्या सुरात हुकूम सोडले होते. गाडीत चालवणाऱ्याशिवाय कोणी नको, काचा खाली, दोन गाड्यांत भरपूर अंतर. बाबा मात्र येण्याच्या हट्टाला पेटले. ती आग काही विझेना, तेव्हा मास्तरीणबाईंच्या यजमानांनी त्यांना शिकवणीच्या जुन्या गाडीत उचलून बसवलं, खुर्ची मागं घातली आणि वरातीच्या मागोमाग आणलं.

सर्व्हिस सेंटरला लागूनच नव्या गाड्यांचं काचेचं दालन होतं. चष्मेवालीनं आपली गाडी नेली ती थेट काचेला नाक लावून उभी केली. शेजारी पाववाल्यानं, त्याच्या शेजारी मास्तरीणबाईंनी. सहाही जणी माहेरच्या दारात ओळीनं उभ्या राहिल्या.

मॅनेजर दार उघडं टाकून धावत बाहेर आला. "अहो, इथं नका लावू! मागं घ्या, मागं घ्या!"

"का हो?"

"काचेला लागून? आत एवढ्या नव्या गाड्या आहेत, माणसं आहेत! एखादीनं पेट घेतला म्हणजे?"

बोलून गेला आणि मग जीभ चावली. आत एक जोडपं नव्या गाडीच्या कागदांवर सही करायला बसलं होतं. त्यातल्या बाईनं शांतपणे पेनाला टोपण लावलं.

"काही होत नाही म्हणालात ना?" चष्मेवालीचा आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तुमच्या काचेमागं माणसं आहेत, तशी आमच्या गाडीतही असतात. माझे बाबा तर हुकांनी बांधलेले असतात. पटकन उतरा म्हटलं तरी उतरता येत नाही त्यांना."

मॅनेजरची साखर पार विरघळली. त्यानं बाजूला जाऊन वरिष्ठांना फोन लावला. एकदा त्या जोडप्याकडे बघितलं, एकदा सहा गाड्यांकडे, आणि परत आला तो पॉलिसी विसरूनच. गाड्या त्यांच्या मागच्या आवारात राहतील, दूर दूर. पार्ट येईपर्यंत प्रत्येकाला वापरायला गाडी मिळेल.

"फक्त मॅडम, रॅम्पवाली गाडी आमच्याकडे एकच आहे, दुसऱ्या मॉडेलची. पण ती शोसाठी..."

पाववाल्यानं काचेतून बोट दाखवलं. लाल फीत बांधून ती मधोमध मिरवत उभी होती. काचेचा दरवाजा बाजूला सरकला, फीत सुटली आणि गाडी बाहेर आली. मालकमंडळींनी अशा टाळ्या पिटल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. चष्मेवालीला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. मॅनेजर स्वतः गुडघ्यावर बसून बाबांच्या खुर्चीचे हुक अडकवत होता. तिनं प्रत्येक हुक ओढून तपासला.

घरी न जाता तिनं गाडी थेट व्यायामाच्या केंद्रात नेली. आखडलेला पाय कुरकुरला, बाबा घामानं निथळले, पण दांड्या धरून उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. "अरे वा, नवी गाडी घेतली वाटतं?"

बाबांनी ओठ जुळवले, जीभ वर नेली, जरा थांबले.

"माहेरची," ते म्हणाले.

चष्मेवालीनं त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.