रिकाम्या बंदराची हाक

मित्रांनो, मला हातात घेऊन हलवलंत तर आतून खुळखुळ आवाज येईल. दचकू नका. माझा एक स्क्रू सैल झालाय, एवढंच. वय झालं की कुणाचे गुडघे वाजतात, माझा स्क्रू वाजतो. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळी, चपटी, तुमच्या पाठ्यपुस्तकाएवढी. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल, किंवा दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली सरकवलेलं पाहिलं असेल. तेही काम मी केलंय, त्यात लाज कसली? पण आज सांगायचंय ते निराळं. माझ्यात एक मुलगी राहायची.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात दोन चाकं बसवली, त्यांवर लांबलचक तपकिरी फीत गुंडाळली, वर झाकण ठोकलं, झालं. माझ्यासारख्याच हजारो बहिणी पट्ट्यावरून पुढे सरकत होत्या आणि आम्ही सगळ्या सारख्याच कोऱ्या होतो. कोरं असणं म्हणजे काय, ते आता मला नीट आठवतही नाही.

एका शाळकरी मुलीनं मला विकत घेतलं. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई लोकांचे कपडे शिवायची. समोरच्या खोलीत खिडकीशी तिचं पायमशीन आणि त्याच खोलीत दुसऱ्या भिंतीला टीव्ही. त्या काळी टीव्हीवर 'दूरयान' नावाची एक परदेशी मालिका लागायची. एक यान अंतराळात हिंडतंय आणि दर आठवड्याला नव्या कुठल्यातरी ग्रहावर जाऊन पस्तावतंय. कप्तान झालेले नट म्हातारे झाले, बदलले, तरी यान आपलं चाललंच होतं. मुलगी त्या यानापायी ठार वेडी होती. 'वेडी' हा तिच्या आईचा शब्द, आणि आई तो मोठ्या कौतुकानं वापरायची.

मालिकेच्या चाहत्यांची एक रीत होती. एका भागात कप्तान अंतराळातल्या एका बंदराला, यानं टेकायच्या तळाला, हाक मारतो, "बंदर, कोणी आहे का?" तिकडून उत्तर येत नाही. बंदर सुनं पडलेलं असतं. त्या भागाचं नावच 'रिकामं बंदर'. बिचाऱ्या कप्तानाला कोणी ओ देत नाही म्हणून चाहत्यांनीच ती द्यायचं ठरवलं. चाहते जमले की एकानं हाक मारायची आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "आहोत!" माझी मुलगी शाळेतून आली की दारातूनच विचारायची, "बंदर, कोणी आहे का?" मशीनवरून मान वर न करता आई म्हणायची, "आहे गं."

हाच भाग मुलीनं माझ्यावर टिपून घेतला. पण आईची पंचाईत अशी, की तिला परदेशी भाषा कळत नव्हती आणि सुईवरून नजर हलवायची सोय नव्हती. ती म्हणाली, "मला नुसतं ऐकायला मिळालं तर बरं. तुझं ते यान कुठे जाऊन आपटलं, ते तरी कळेल."

झालं! मुलीनं मनावर घेतलं. मला चालवणाऱ्या यंत्राला, आमच्या व्हीसीआरला, एक बटण होतं. ते दाबलं की चित्र तसंच राहून आवाज तेवढा नवा भरता यायचा. तिनं कुठूनसा माइक पैदा केला आणि सगळा भाग आपल्या बोलीत बोलली. कप्तान तीच, डॉक्टर तीच, शत्रूही तीच. कप्तानासाठी हनुवटी गळ्याशी नेऊन घोगरा आवाज काढायची आणि मधेच खोकला यायचा. यानाच्या इंजिनाचा आवाज कुठून आणायचा? आई होतीच. मुलीनं खूण केली की आईनं पायमशीन चालवायचं. आईनं तेवढ्यात एका सदऱ्याच्या शिवणीही उरकून घेतल्या. बंदराला हाक मारायची वेळ आली तेव्हा मुलीनं हाक मारली आणि आई सवयीनं म्हणाली, "आहे गं." तेही माझ्यावर उमटलं. मुलगी हसू दाबत पुढे बोलत राहिली.

मग तिनं माझ्या कडेचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडून टाकला. तो मोडला की आमच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मला दुखलं नाही. उलट, आता आपण कायमच्या कुणाच्या तरी झालो, म्हणून मी फुशारले.

पुढच्याच वर्षी ती आजारी पडली, आणि त्या आजारपणातून उठलीच नाही.

मित्रांनो, त्यानंतर त्या घरात काय झालं ते सांगताना आजही माझी फीत आकसते. आई रोज मला लावायची. टीव्हीकडे पाठ करून मशीनवर बसायची. माझ्यातली मुलगी कप्तान होऊन यान सुरू करायला सांगायची, मग माझ्यातलं मशीन आणि खोलीतलं मशीन एकाच लयीत चालायचं. हाक यायची, "बंदर, कोणी आहे का?" आणि "आहे गं" दोनदा ऐकू यायचं, एकदा माझ्यातून, एकदा खिडकीजवळून. शेजारीण एकदा वाटीभर साखर मागायला आली आणि दारातच थबकली. आत मुलगी बोलत होती. शेजारणीनं वाटी तशीच पदराआड धरली आणि ती मागे फिरली. पुन्हा काही ती साखर मागायला आली नाही.

आईला मात्र कशाचंच भय वाटत नव्हतं. भय वाटायचं ते मला. आमचा आवाज फितीच्या काठावर असतो आणि झिजतो तो आधी काठच. दर वेळी मुलगी थोडी पुसट व्हायची. हे आईला ओरडून सांगावं असं वाटायचं, पण मला स्वतःचा आवाजच कुठे होता?

मग व्हीसीआर बिघडला. दुरुस्तीवाल्यानं हात वर केले, असले भाग आता मिळत नाहीत म्हणाला. मी कपाटावर गेले. धूळ आली, ओल आली, फितीवर पांढरी बुरशी धरली. बाहेर 'दूरयान'चे दिवस फिरले होते. दुकानात आधी कंपनीच्या कॅसेट आल्या, मग सीडी-डीव्हीडीच्या चकत्या आल्या, मग चकत्यांच्या भल्यामोठ्या पेट्या आल्या. पण प्रत्येक पेटीत एक भाग कमी असायचा. 'रिकामं बंदर' कंपनीकडेच नव्हतं. कुणीतरी मूळ फीत पुसून तिच्यावर दुसराच कार्यक्रम भरला होता.

चाहत्यांच्या मंडळानं वर्तमानपत्रात विचारणा छापली. आई त्याच कागदावर बाहीचा नमुना कापत होती. भागाचं नाव दिसलं आणि तिची कात्री थांबली. ती मला पिशवीत घालून मंडळात घेऊन गेली. मंडळाचा अध्यक्ष औषधाचं दुकान चालवायचा. त्यानं मला दोन्ही हातांनी उचलून घेतलं. मी गहाळ भागाची एकुलती एक प्रत निघाले होते. हे चकतीवर उतरवू, तुम्हाला पहिली प्रत देऊ, असं तो म्हणाला. आईनं एकच विचारलं, मग मला घरी पुन्हा ऐकता येईल ना? तो म्हणाला, अगदी स्वच्छ ऐकू येईल.

दोघंही खरं बोलत होते, आणि दोघांचं बोलणं भलत्याच गोष्टीबद्दल चाललं होतं. आईला वाटलं, आपल्या लेकीचं काम इतक्या लोकांना हवंय. त्याला वाटलं, बाईंना मालिकेची फार आवड दिसते.

मंडळाच्या तंत्रज्ञ बाईंनी माझी बुरशी हळुवार पुसली आणि मला यंत्रात घातलं. पडद्यावर चित्र उमटलं. अजून कप्तान बोललाही नव्हता, तोच मशीनची खडखड आणि एका मुलीचा खोकला. अध्यक्ष म्हणाला, घरातला गोंगाट आलाय, काढून टाका. भागाचा मूळ आवाज त्यांना एका जुन्या चाहत्याकडे, नुसत्या आवाजाच्या टेपवर, सापडलेला होता. या लोकांचं असंच असतं. मूळ म्हणजे देव, आणि जे मूळ नाही तो कचरा. बाईंनी आवाजाची तार काढली. माझी सगळी फीत फिरली, मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलली आणि कुणीच ऐकलं नाही. आयुष्यात इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढे मोठ्या सभागृहात त्या भागाचा खेळ झाला. मला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, लोक माझ्याबरोबर फोटो काढत होते. आई पहिल्या रांगेत, स्वतः शिवलेले नवे कपडे घालून. अंधार झाला, कप्तानानं तोंड उघडलं आणि एका परक्या पुरुषाचा आवाज आला. आई वाट बघत राहिली. कप्तानानं हाक मारली, तेव्हा सगळं सभागृह एका सुरात "आहोत!" म्हणालं. आई काहीच म्हणाली नाही. दिवे लागले, टाळ्या झाल्या. अध्यक्ष तिच्या हातात चकती द्यायला आला, तेव्हा तिनं विचारलं, "आणि माझी मुलगी?"

त्याला काही कळेना. मग आईनं सगळं सांगितलं आणि त्यानं पुढे केलेली चकती मागे घेतली. तंत्रज्ञ बाई उठल्या आणि त्यांनी मला काचेतून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या छोट्या खोलीत, आई आणि अध्यक्ष यांच्यासमोर, मला पुन्हा लावलं. या वेळी तार जोडलेली होती. बाईंनी आईला आधीच सांगितलं, काठ पार गेलाय, हे शेवटचंच. मी जिवाच्या करारानं फिरले. मुलगी आली, पुसट, पण आली. यान निघालं. खोकला आला. मग तिनं हाक मारली, "बंदर, कोणी आहे का?" आणि तिथेच काठ फाटला. चित्र चालू होतं, आवाज गेला.

अध्यक्षानं डोळे मिटून घेतले. त्या शांततेत आई म्हणाली, "आहे गं."

आणि ती पुढचं बोलू लागली. कप्तान, डॉक्टर, शत्रू. लेकीच्याच ढंगात, लेकीच्याच घोगऱ्या आवाजात, जिथे तिला हसू आलं होतं तिथे हसू दाबत. खालून तिचा पाय फरशीवर हलत होता, मशीन नव्हतं तरी. बाईंनी माइक हळूच तिच्याजवळ सरकवला.

भाग संपला, पडदा काळा झाला. मुलगी यंत्र बंद करायला विसरली होती, म्हणून पुढेही थोडी फीत भरलेली होती. आई भाग संपताच मला बंद करायची, त्यामुळे ते टोक कमी झिजलं होतं. खरखर झाली आणि अगदी जवळून, स्पष्ट, तिच्या स्वतःच्या आवाजात मुलगी बोलली, "आई, थांबव मशीन. पोचलो आपण."

फरशीवर आईचा पाय थांबला.

आता त्या दोघी एका चकतीवर आहेत. मी आईच्या कपाटात, कापसात गुंडाळलेली. मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण पडून असेल. तिला कोरड्या जागी ठेवा. आणि तिच्यात ओळखीचा नसलेला आवाज लागला तर पुसण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, हे कोण बोलतंय. माझ्यातून सगळं उतरवून झालंय म्हणतात. पण दुपारी आई बाहेर गेली आणि घर शांत झालं, की माझ्या फाटक्या काठावर कुणीतरी हळूच हाक मारतं. दुसरं कोणी नसतं, म्हणून मीच म्हणते, आहे गं.